कॉफीच्या डब्यातला सव्वीस नंबर

विषम साल उजाडलं की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांची जात बदलते. एरवी तुम्ही सोशल सिक्युरिटी, ओसीआय कार्ड, आईवडिलांचा व्हिसा असलं विचारता; मार्च लागला की जजांच्या निवडणुकीवर येता. या वेळी पाच पत्रं निवडली आहेत आणि पाचांचा रोख एकच आहे: यादीत नाव कितवं आलं यावरून माणूस न्यायाधीश होतो का?

आधीच सांगते, मी वकील नाही. बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंग खात्यात काढली आणि निवृत्त झाल्यापासून नॉर्थईस्ट फिलाडेल्फियात आमच्या मतदान केंद्रावर क्लार्क म्हणून बसते. त्यामुळे मत कुणाला द्यावं हे मी सांगणार नाही, तेव्हा ते सोडून काहीही विचारा. मायदेशी हा अंक वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की पेनसिल्व्हेनियात न्यायाधीश नेमत नाहीत, लोक निवडून देतात. १८५० पासून हे असंच चाललंय.

ताई, माझी सून बारा वर्षं सरकारी बचाव वकील म्हणून काम करते आहे. यंदा कॉमन प्लीज कोर्टाच्या, म्हणजे मोठे खटले चालतात त्या कोर्टाच्या, जजपदासाठी उभी राहिली. उमेदवारीच्या अर्जासाठी सह्या गोळा करताना आम्ही दोघं सासू-सासरे थंडीत दारोदार फिरलो. मग नंबरांची सोडत झाली आणि तिच्या हाती डेमोक्रॅटिक यादीतला सव्वीसावा नंबर आला. मुलगा म्हणतो, आता पैसे घालवू नकोस, माघार घे. सून गप्प आहे. एका डब्यात हात घालून काढलेल्या आकड्यावर एवढं अवलंबून असतं का? आणि आमच्या भिशीतल्या बायकांनी काही करण्यासारखं आहे का? — एक सासूबाई, फिलाडेल्फिया

सासूबाई, थंडीत सह्यांसाठी फिरणाऱ्या सासूचं आधी कौतुक करते, सुनेचं मागून करीन.

डबा खराच आहे हो. पुष्कळांना ती थट्टा वाटते. हॉर्न अँड हार्डार्ट ही इथली जुनी खानावळींची कंपनी. १९०२ मध्ये चेस्टनट स्ट्रीटवर त्यांनी ‘ऑटोमॅट’ उघडलं होतं, म्हणजे नाणं टाकायचं, काचेचं दार उघडायचं आणि आतली बशी काढून घ्यायची. ती दुकानं कधीच मिटली, पण त्यांच्या कॉफीचा एक डबा निवडणुकीच्या सोडतीला लागला तो लागलाच. उमेदवार नाहीतर त्याचा माणूस येतो, डब्यात हात घालतो, आकडा काढतो. कुणाचा चेहरा तिथल्या तिथे उजळतो, तर कुणी आकडा मुठीत दाबून तसाच बाहेर पडतो. तुमच्या मुलाने जे सुचवलं ते बोलून दाखवणारा तो पहिला नव्हे. सोडत झाली की माघारीचे अर्ज दर वेळी येतात, आणि येतात ते बहुतेक मोठ्या आकड्यांचेच.

आता एवढं का अवलंबून असतं, ते बघा. मतदार नाव न ओळखताही मत देऊ शकतो ते काही खुणांच्या आधारावर. आपल्याकडे पहिली खूण म्हणजे चिन्ह. अक्षरओळख नसलेली माझी आजी चिन्ह बघून बिनचूक शिक्का मारायची. इथे चिन्ह नाही, पण नावापुढे पक्ष असतो. मात्र मे महिन्यातली ही लढत, म्हणजे प्रायमरी, पक्षांतर्गत असल्यामुळे यादीतले सगळेच्या सगळे एकाच पक्षाचे. दुसरी खूण म्हणजे आधीपासून पदावर असलेला माणूस. तोही या यादीत सहसा नसतो, कारण एकदा निवडून आलेल्या जजला दहा वर्षांनी फक्त ‘ठेवायचं की नाही’ एवढंच विचारतात, आणि ते नोव्हेंबरात, वेगळ्या जागी. तिसरी खूण म्हणजे भाषणं आणि आश्वासनं. जजपदाच्या उमेदवाराला ‘अमुक खटल्यात मी तमुक निकाल देईन’ असं म्हणता येत नाही. मग पत्रकावर उरतं काय? शाळा, कॉलेज, दोन मुलं आणि एक कुत्रा.

अशा वेळी मतदार महापौरासाठी किंवा डिस्ट्रिक्ट अॅटर्नीसाठी, म्हणजे मुख्य सरकारी वकिलासाठी, आलेला असतो. ते मत देऊन झालं, आता पुढे पंचवीस नावं, ‘जास्तीत जास्त सहा निवडा’. मागे रांग. डोळा वर डावीकडे सुरू होतो आणि सहा पुरे झाले की थांबतो. यात मूर्खपणा नाही. बाकी सगळ्या खुणा काढून घेतल्यावर जी एक उरते ती म्हणजे जागा.

म्हणून आमच्या शहरात नंबरापेक्षा रकाना बघतात. पडद्यावर नावं उभ्या रकान्यांत लागतात, पहिला रकाना भरला की दुसरा. जोनाथन टॅनन नावाचे एक गृहस्थ इथल्या निवडणुकांचे आकडे वर्षानुवर्षं पिंजत आलेत. त्यांच्या हिशेबात पहिल्या रकान्यातल्या उमेदवाराला पुढच्या रकान्यांतल्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट मतं पडतात. टेक्सासमध्ये प्रत्येक काउंटीत नावांचा क्रम वेगळा, चिठ्ठ्या टाकून ठरतो, त्यामुळे तिथे तुलना फार स्वच्छ करता येते. २०१४ च्या तिथल्या प्रायमरीवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की सगळ्यांना ठाऊक असलेल्या मोठ्या लढतींत क्रमाने फारसं बिघडत नाही; पण जजांच्या आणि यादीत खाली असलेल्या पदांच्या लढतींत शेवटच्या जागेवरून पहिल्या जागेवर आलं तर मतांचा वाटा जवळपास दहा टक्क्यांनी वाढतो. दहा टक्के! एवढ्यावर तर गव्हर्नर पडतात.

एवढं ऐकून तुमचा मुलगा म्हणेल, बघ, मी सांगत होतो. त्याला दोन गोष्टी विचारा.

पहिली, सव्वीस हा आकडा छापला जाईपर्यंत सव्वीस राहील का? माघारी निघतात, काहींच्या सह्यांवर कोर्टात हरकती येतात, खोट्या किंवा कमी भरल्या की नाव उडतं. वरची नावं गळाली की खालची वर सरकतात. सोडतीच्या दिवशीचा सव्वीसावा मतदानाच्या दिवशी अठरावा झाला, यात नवल नाही. रकान्यात नक्की किती नावं बसणार तेही तेव्हाच कळतं. सोडतीच्या दुसऱ्या दिवशी हातपाय गाळणं म्हणजे पहिल्या घटक चाचणीवरून दहावीला न बसण्यासारखं.

दुसरी गोष्ट, पक्षाची यादी. शहरात ६६ वॉर्ड आहेत, त्यांच्या पोटात सतराशेच्या आसपास डिव्हिजन, आणि प्रत्येक डिव्हिजनमध्ये पक्षाचे दोन कमिटीपर्सन, म्हणजे स्थानिक कार्यकर्ते. मतदानाच्या दिवशी हे लोक दाराशी उभं राहून नमुना मतपत्रिका वाटतात. तिच्यावर नाव असलं की शेवटच्या रकान्यातला माणूसही निवडून येतो, दर निवडणुकीत एखाददुसरा येतोच. आता त्या यादीत नाव यायला पक्षाला ‘हातभार’ लावावा लागतो आणि तो हजारो डॉलरांत असतो, हे इथे कुणी लपवूनही ठेवत नाही. मला ते मुळीच पटत नाही. पण सून उभी राहिलीच आहे, तर तिला हे कानावर घालायला हवं. एकदम सगळ्या शहराच्या यादीवर जमलं नाही, तरी एकेका वॉर्डाचा पुढारी आपली स्वतःची चिठ्ठी छापतो. तिथे माणसाला भेटून, बारा वर्षांचं काम सांगून नाव घालता येतं. वॉर्डांच्या बैठका तळघरात आणि चर्चच्या हॉलमध्ये होतात, खुर्च्या पत्र्याच्या असतात आणि बोलायला दोन मिनिटं मिळतात. बचाव वकिलाला दोन मिनिटांत बोलायची सवय असेलच.

आणि हो, बार असोसिएशनची, म्हणजे वकिलांच्या संघटनेची, शिफारस. फिलाडेल्फियाच्या बार असोसिएशनची समिती उमेदवाराची चौकशी करते, मुलाखत घेते आणि ‘विशेष शिफारस’, ‘शिफारस’ किंवा ‘शिफारस नाही’ असा शेरा देते. हा शेरा मतपत्रिकेवर छापत नाहीत, त्यामुळे तो मतदारापर्यंत पोचवणं हे उमेदवाराचंच काम होऊन बसतं. चांगला शेरा मिळाला असेल तर पत्रकावर कुत्र्याच्या फोटोऐवजी तो छापा.

आता भिशीतल्या बायका. मतदानाच्या खोलीच्या दारापासून दहा फूट लांब उभं राहून प्रचार करायला पूर्ण मोकळीक आहे. सकाळी सातला दार उघडतं, रात्री आठला बंद होतं. पाळ्या लावून घ्या. पण हातात जी चिठ्ठी द्याल तिच्यावर नुसतं नाव नको. ‘चौथा रकाना, वरून दुसरं’ असा पत्ता लिहा, आणि शक्य तर यादीचं छोटं चित्र काढून त्यात ती जागा भरून दाखवा. मी टेबलामागे बसते, पडद्याआड कोण काय करतं ते मला दिसत नाही आणि दिसूही नये. पण हातात चिठ्ठी धरून आत गेलेला माणूस किती लवकर बाहेर येतो ते दिसतं. ज्यांच्या हातात काही नसतं ते आत गेल्यावर एक सुस्कारा ऐकू येतो. तो सुस्कारा जजांच्या यादीचा, हे मी आता आवाजावरून ओळखते.

माघारीचं शेवटी सुनेवर सोडा. ती गप्प आहे म्हणता, तर बहुधा तिचं ठरलेलं आहे.

सहा जागा आहेत, पण मी चौकशी करून तीनच उमेदवार पक्के केलेत. सहाच्या सहा मतं दिली नाहीत तर माझी मतपत्रिका बाद होते का? — निवृत्त प्राध्यापक, बक्स काउंटीतून नुकतेच शहरात आलेले

नाही होत, प्राध्यापकसाहेब. ‘जास्तीत जास्त सहा’ म्हणजे एकही चालतो. उलट उरलेल्या तीन जागा अनोळखी नावांनी भरल्यात, तर तुम्ही पारखून घेतलेल्या तिघांशी स्पर्धा करणाऱ्यांच्या पारड्यात तुमच्याच हाताने वजन टाकलंत. यंत्रावर सातवं नाव निवडताच येत नाही. घरून टपालाने मत देणार असाल तर मात्र मोजून भरा. कागदावर सात वर्तुळं काळी केलीत की त्या पदापुरती तुमची सगळी मतं जातात.

मावशी, मी गेल्याच वर्षी नागरिक झाले. मतदार नोंदणी करताना पक्ष कुठलाच नको म्हणून ‘अपक्ष’ लिहिलं. आता मैत्रिणी म्हणतात की मला जजांसाठी मत देता येणार नाही. खरं का? आणि देता आलं तरी इतक्या नावांतून निवडायचं कसं? मला खरंच पहिली सहा नावं दाबून मोकळं व्हावंसं वाटतंय. — सेंटर सिटीतली भाची

अगं, मैत्रिणी बरोबर सांगतायत. पेनसिल्व्हेनियात प्रायमरी बंदिस्त असते. त्या पक्षात नोंद असेल तरच त्या पक्षाची यादी हाती पडते. अपक्षांना मे महिन्यात फार तर एखाद्या सार्वमताच्या प्रश्नावर किंवा पोटनिवडणुकीत मत देता येतं. नोव्हेंबरात सगळ्यांना असतं म्हणा, पण या शहरात डेमोक्रॅटिक नोंदणी इतकी जास्त आहे की जज कोण होणार ते मेमध्येच ठरून जातं. नोंद बदलायची असेल तर मतदानाच्या पंधरा दिवस आधीपर्यंत बदलता येते, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. पक्ष लिहिला म्हणजे कुणी तुला झेंडा घेऊन उभं करत नाही. बदलावं की नाही ते तुझं तू बघ.

पहिली सहा दाबण्याबद्दल मी तुला उपदेश करणार नाही, कारण मी तेच केलंय. २००५ सालची गोष्ट. तेव्हा जुनी यंत्रं होती. टेबलाएवढी मोठी मतपत्रिका समोर पसरलेली, दोन्ही बाजूंना पडदा, नावाशेजारी दाबलं की बारीक दिवा लागायचा, आणि सगळं झालं की खाली हिरवं ‘व्होट’ बटण. ते दाबलं की संपलं. मी कामावरून तशीच गेले होते, घरी कुकर लावायचा होता. जजांच्या रकान्यांशी आले आणि मला घाम फुटला. एकही नाव ऐकलेलं नाही! मग पहिल्या रकान्यात वरून खाली दिवे लावत गेले. एक नाव सोडलं, का तर आमच्या मॅनेजरचं आडनाव तेच होतं. हिरवं बटण दाबलं, बाहेर आले, आणि छातीवर स्टिकर लावून घरी गेले.

दोन वर्षांनी आमच्या छपराचं काम अर्धवट टाकून एक कंत्राटदार पैसे घेऊन गेला. मी म्युनिसिपल कोर्टात दावा लावला. छोटे पैशांचे दावे, घरमालक-भाडेकरूंची भांडणं तिथे चालतात. आता बारा हजार डॉलरपर्यंतचा दावा तिथे लावता येतो. फोटो, चेकच्या प्रती, सगळं फाइलमध्ये लावून मी बाकावर बसले होते. समोर लाकडी पाटीवर जजचं नाव. ते वाचलं आणि पोटात खड्डा पडला. मी दाबलेलं नाव होतं ते. मी डोकं खाजवून आठवत बसले, की हे नाव का दाबलं, आणि काही म्हणजे काही आठवेना, कारण आठवण्यासारखं काही नव्हतंच. वरून तिसरं होतं, एवढंच.

निकाल माझ्या बाजूने लागला. जजनी फोटो एकेक करून पाहिले, दोन प्रश्न विचारले ते नेमके होते. म्हणजे माझं नशीब चांगलं. पण त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी एक बाई भाड्याच्या खोलीतून काढलं म्हणून आली होती, मांडीवर मूल. तिचाही निवाडा माझ्या त्या कुकरच्या घाईतल्या बोटाने ठरणार होता. त्यानंतर मी तसं केलं नाही.

आता मी काय करते ते सांगते. टपाली मतपत्रिका मागवते. २०१९ च्या कायद्यापासून त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. नावांचा क्रम तिच्यावरही तोच असतो, पण स्वयंपाकघराच्या टेबलावर रांग नसते. बार असोसिएशनचे शेरे उघडते, ‘शिफारस नाही’वाल्यांवर पेन्सिलीने काट मारते. अर्धी यादी हलकी होत नाही, पण सुरुवात होते. मग उरलेल्यांनी आजवर काम कसलं केलंय ते बघते. फौजदारी, कौटुंबिक, मृत्युपत्रं. कारण कॉमन प्लीजमध्ये खुनाच्या खटल्यापासून मुलांच्या ताब्यापर्यंत सगळं येतं, आणि मृत्युपत्रांच्या शाखेला अजूनही ‘अनाथांचं कोर्ट’ म्हणतात, जे ऐकून माझ्या नवऱ्याने मृत्युपत्र करायचं दोन वर्षं लांबवलं. शेवटी मी यादी खालून वर वाचते. हे माझं खूळ आहे. पण वरच्यांना सगळं जग वाचतं, आपण एक तरी खालून वाचावं.

भरलेली पत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात, मग बाहेरच्या पाकिटात, सही आणि तारीख विसरायची नाही, आणि मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत पोचायला हवी. आतलं पाकीट विसरलीस तर मत मोजत नाहीत. दर वर्षी कुणीतरी विसरतंच.

माझा पुतण्या शिकागोत वकील आहे, कुक काउंटीत जजपदासाठी उभं राहायचं म्हणतो. एका सल्लागाराने त्याला सांगितलं की अर्ज भरायला पहाटे रांगेत जा आणि जमलं तर आडनाव बदल. रांगेचं एक वेळ समजलं. आडनाव? — काका, नेपरव्हिल

काका, पहिली सूचना शहाणपणाची आहे. इलिनॉयमध्ये पहिल्या दिवशी दार उघडताना जे रांगेत असतात त्या सगळ्यांत वरच्या जागेसाठी सोडत होते. उशिरा गेलात तर त्यांच्या खाली. गंमत म्हणजे काही जण मुद्दाम शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला जातात, कारण अगदी तळाची जागाही मधल्यापेक्षा नजरेत भरते असं त्यांना वाटतं, आणि तिच्यासाठीही सोडत असते. शिवाय तिथे आमच्यासारखा सगळ्यांचा एकच ढीग नसतो. प्रत्येक रिकाम्या खुर्चीसाठी वेगळी लढत, तीन-चार नावांची. त्यामुळे आधी नंबर नव्हे, खुर्ची नीट निवडायची.

आडनावाची कथा अशी. कुक काउंटीत आयरिश आडनाव, आणि त्यातून बाईचं नाव, म्हणजे मतांची खात्री, असं वर्षानुवर्षं मानलं जातं. एवढं, की एका वकिलाने २००५ मध्ये कायदेशीररीत्या आपलं नाव बदलून अस्सल आयरिश करून घेतलं होतं. त्यावर बोंब झाली आणि २००७ मध्ये कायदा आला: अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाआधीच्या तीन वर्षांत नाव बदललं असेल तर जुनं नावही मतपत्रिकेवर छापायचं. म्हणजे पुतण्याने आज कुलकर्णीचा ‘केली’ केला, तर शेजारी ‘पूर्वीचे कुलकर्णी’ असं छापून येईल आणि दोन्हीकडून हसं होईल.

हे फक्त शिकागोचं खूळ नाही. २००६ मध्ये लॉस एंजेलिसला वीस वर्षांचा अनुभव असलेल्या, बार असोसिएशनने अत्युत्तम ठरवलेल्या जज जिंट्रा जानाव्स हरल्या. जिंकल्या त्या बेगलचं दुकान चालवणाऱ्या वकीलबाई, ज्यांना त्याच संस्थेने अपात्र ठरवलं होतं. लात्व्हियन नाव मतदारांच्या जिभेवर वळलं नाही, असंच तेव्हा सगळीकडे म्हटलं गेलं. गव्हर्नर श्वार्झनेगरनी जानाव्सबाईंना लगेच पुन्हा नेमलं. ज्यांचं स्वतःचं आडनाव अख्खी ओळ खातं, त्यांना हे दुखणं कळलं असणार.

माझं मत विचाराल, तर पुतण्याने नाव आहे तेच ठेवावं, आणि पत्रकावर त्याचा उच्चार फोडून लिहावा. लोकांना म्हणता येतं ते लक्षात राहतं.

आम्ही न्यू जर्सीवाले तुमच्या त्या डब्याला हसतो. एवढी यंत्रं आणलीत, मग प्रत्येक मतदाराला नावं वेगळ्या क्रमाने दाखवायला एक ओळीचा प्रोग्राम पुरे. इतका सोपा उपाय कुणाला सुचत नाही का? — संगणक अभियंता, एडिसन

सुचतो हो, आणि पडद्यावरची यंत्रं यायच्या कितीतरी आधी सुचला होता. ओहायोत केंद्रागणिक नावांचा क्रम फिरवतात. एका केंद्रावर पहिलं असलेलं नाव पुढच्या केंद्रावर तळाला. कागदावरच. १९९२ च्या तिथल्या ११८ लढती दोन संशोधकांनी तपासल्या, तेव्हा जवळपास निम्म्या लढतींत क्रमाचा परिणाम सापडला, पहिल्या जागेला सरासरी अडीच टक्के जास्त. पण क्रम फिरता असल्यामुळे तो फायदा सगळ्यांत वाटला गेला. मतदार तिथेही आमच्यासारखेच, कुकर लावायला घाईने निघालेले. फक्त त्यांची घाई एकाच उमेदवाराच्या पदरात पडत नाही. कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, पदावर असलेल्याचं नाव नेहमी वर ठेवणं घटनाबाह्य ठरवलं. तेव्हापासून तिथे वर्णमालेचीच सोडत काढतात, एखाद्या वर्षी ए आधी येईल, एखाद्या वर्षी क्यू.

पेनसिल्व्हेनियात कायदा सोडत सांगतो, फिरवाफिरवी सांगत नाही, आणि कायदा बदलायचा तो राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला. तिथे बसलेल्यांपैकी किती जणांना यात रस असेल? पहिल्या रकान्यातला उमेदवार कुणाच्या मेहेरबानीशिवाय निवडून येतो, हे पक्षाला आवडत नसेल. पण बाकीच्या वीस जणांना नमुना मतपत्रिकेशिवाय तरणोपाय नाही, हे मात्र आवडत असणार. हा माझा तर्क आहे, कुणी मला सांगितलेलं नाही.

बाकी हसा खुशाल. तुमच्याकडे जज नेमतात म्हणून हा प्रश्न आला नाही, पण बाकीच्या पदांसाठी तुमच्याकडची ‘काउंटी लाइन’ विसरलात का? पक्षाच्या लाडक्यांची नावं एका ओळीत आणि उरलेल्यांना मतपत्रिकेच्या कुठल्यातरी कोपऱ्यात हाकललेलं. २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती मोडीत काढेपर्यंत ते बिनदिक्कत चाललं होतं. आमच्या डब्यात निदान हात सगळ्यांचाच जातो.

जागा संपत आली. सव्वीस नंबरच्या सासूबाई, मतपत्रिकेचा नमुना शहराच्या संकेतस्थळावर लागला की सुनेचा रकाना आणि ओळ बघून घ्या, मगच चिठ्ठ्या छापा. आधी छापलेल्या फुकट जातात. आमच्या केंद्रावर भिशीच्या बायका पाठवणार असाल तर दहा फुटांची खूण फुटपाथवर आम्ही सकाळी खडूने करून ठेवतो. त्या दिवशी मी टेबलामागे असेन, ओळख दाखवणार नाही, रागावू नका.